खलनायक तोच राहतो, विनोदवीर बदलतो: मारधाडीचा विनोदी चित्रपट तमिळमध्ये नव्याने करताना

'पोकिरी' हा तेलुगू चित्रपट २००६ साली आला. जानेवारी २००७ मध्ये, पोंगलच्या सुमारास, त्याचा तमिळ अवतार 'पोक्किरी' लागला. नायक बदलला, नायिका बदलली, पण दोन्हीकडे खलनायक अलीभाई प्रकाश राजच होता. त्याआधी 'ओक्कडु' (२००३) आणि त्यावरून केलेला 'गिल्ली' (२००४) यांतही खलनायक तोच. 'किक' (२००९) आणि 'तिल्लालंगडी' (२०१०) या दोन्हींत पोलीस अधिकारी झालेला शाम तोच. 'रेडी' (२००८) आणि 'उत्तम पुत्रन' (२०१०) या दोन्हींत नायिका जेनेलिया. मात्र 'पोकिरी'त आणि 'रेडी'त धमाल करणारा विनोदवीर ब्रह्मानंदम तमिळमध्ये त्याच जागी आला नाही. 'पोक्किरी'त वडिवेलु आला, 'उत्तम पुत्रन'मध्ये विवेक.

दहशत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत फारशी न बदलता जाते. हसू त्या त्या मातीतलं असतं, ते तिथेच उगवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच एका निरीक्षणावरून लावल्या आहेत. उदाहरणं मुख्यतः तेलुगूतून तमिळमध्ये गेलेल्या चित्रपटांची आहेत, कारण ही वाट सर्वांत रुळलेली आहे. आपला मराठी चित्रपट तमिळ निर्मात्याला द्यायचा असेल, त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: चित्रपट निवडताना आधी आवाज बंद करा

मूळ चित्रपट एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. जिथे तरीही हसू येतं त्या जागांची यादी करा; तो विनोद शरीराचा किंवा प्रसंगाचा आहे आणि तो बहुतेक तसाच जाईल. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका, शेजारी मूळ भाषा जाणणारा माणूस बसवा आणि तो कुठे हसतो ते लिहून घ्या. या हशांपैकी जवळजवळ सगळे तुम्हाला नव्याने कमवावे लागणार आहेत. दुसरी यादी पहिलीपेक्षा फारच लांब निघाली, तर तो चित्रपट सोडून द्या. तुम्ही हक्कांसाठी पैसे मोजाल आणि पदरात एक सांगाडा पडेल.

चांगल्या निवडीचा नमुना म्हणजे 'मर्यादा रामन्ना' (२०१०). नायक अजाणता आपल्या वैऱ्याच्याच घरी पाहुणा म्हणून जातो. घरात रक्त सांडायचं नाही हा त्या घराचा दंडक, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की मरण. हे कळल्यावर नायक घरातून निघायचं नावच घेत नाही. एका उंबरठ्यावर भीतीही उभी आहे आणि विनोदही. हीच गोष्ट हिंदीत सरदारांच्या घरात बसली, आणि २०१४ मध्ये तमिळमध्ये 'वल्लवनुक्कु पुल्लुम आयुदम' या नावाने संतानमला नायक करून आली. पाहुण्याची मर्यादा कुठल्याही भारतीय घरात समजते. गोष्टीचा कणा असा एका वाक्यात सांगता येतो का, हे निवडीच्या वेळीच तपासा.

दुसरी तपासणी रुक्ष आहे, पण तिच्यावाचून पुढे जाऊ नका. मूळ चित्रपटाची तमिळ डब प्रत कुठे आहे का? ओटीटी, सॅटेलाइट वाहिन्या, यूट्यूब, सगळीकडे शोधा. 'अला वैकुंठपुरमुलो' (२०२०) या तेलुगू चित्रपटाचा हिंदी रिमेक तयार होत असताना मूळ चित्रपटाचीच हिंदी डब प्रत जानेवारी २०२२ मध्ये चित्रपटगृहांत लावायचं ठरलं होतं. ते थांबलं, पण पुढच्याच महिन्यात ती प्रत टीव्हीवर दाखवली गेली. रिमेक आला २०२३ साली. दहा वर्षांपूर्वी मूळ चित्रपट शेजारच्या राज्यात पोचायला वेळ लागायचा. आता काही आठवड्यांत तो घरोघरी असतो.

पायरी २: हक्क

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथली चूक चित्रीकरणानंतर सुधारता येत नाही.

'कल्पना कुणाचीच नसते, आपण फक्त गोष्ट घेतोय' असं सांगणारे भेटतील. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो असं म्हटलं, हे खरं. पण मांडणी, प्रसंगांची साखळी, पात्रांची घडण इतकी सारखी असेल की पाहणाऱ्याला नक्कल वाटावी, तर ते उल्लंघन ठरतं हेही त्याच निकालात आहे. रिमेक तर उघडपणे तीच साखळी उचलतो. त्यामुळे लेखी हक्क घ्यायचेच.

कुणाकडून? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा पहिला मालक साधारणपणे निर्माता असतो. पण पटकथा ही वेगळी कृती आहे आणि लेखकाने तिचे कोणते हक्क निर्मात्याला दिले होते हे त्या दोघांच्या करारावर ठरतं. 'आरण्य कांडम' या तमिळ चित्रपटाच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१७ मध्ये हाच फरक केला: निर्माता चित्रपट डब करू शकतो, पण पटकथेवरून दुसऱ्या भाषेत नवा चित्रपट करायचा तर तो हक्क लेखकाचा. म्हणून निर्मात्याच्या सहीवर समाधान मानू नका. लेखक-निर्माता यांचा मूळ करार मागा, शंका असेल तर लेखकाची वेगळी एनओसी घ्या. मूळ कथा कादंबरीवर किंवा दुसऱ्या चित्रपटावर बेतलेली असेल, तर साखळी तिथपर्यंत तपासा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवण्याची या धंद्यात पद्धत आहे. खर्च किरकोळ, झोप शांत.

करारात काय लिहून घ्यायचं? कायद्याच्या कलम १९ मधल्या तीन गोष्टी इथे पैशांशी थेट बांधलेल्या आहेत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते धरले जातात, आणि तमिळ चित्रपटाचा प्रेक्षक मलेशिया, सिंगापूर, श्रीलंका आणि आखातातही आहे, हे विसरून चालणार नाही. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: हक्क घेतल्यापासून वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते संपुष्टात येतात. नायकाच्या तारखांसाठीच वर्ष निघून जातं. त्यामुळे 'चित्रीकरण सुरू करण्याची मुदत' आकड्यात लिहा, तीन वर्षांपेक्षा कमी घेऊ नका.

याशिवाय: हक्क एकाच तमिळ रिमेकचे की पुढच्या भागाचेही, तुमचा तमिळ चित्रपट इतर भाषांत डब करता येईल का (मूळ भाषेत बहुधा नाहीच, आणि हिंदी हक्क वेगळे विकलेले असतील तर हिंदीतही नाही), मूळ चित्रपटाची तमिळ डब प्रत मालक कुठेच आणणार नाही याची हमी, पार्श्वसंगीत किंवा चाली वापरायच्या असतील तर म्युझिक कंपनीची स्वतंत्र परवानगी, आणि श्रेयनामावलीत मूळ लेखकाचं नाव कोणत्या शब्दांत येईल. नावाच्या बाबतीत कंजुषी करू नका. कलम ५७ नुसार लेखकाचा तो हक्क आर्थिक हक्क विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने गोष्ट रचली त्याचं नाव ठळक यायलाच हवं.

पायरी ३: प्रसंगांची वही

आता मूळ चित्रपट प्रसंगाप्रसंगाने उतरवून काढा. प्रत्येक प्रसंगासमोर चार रकाने: या प्रसंगात प्रेक्षकाला नवीन काय कळतं, कोण कुणाला घाबरतो, हसू कुठून येतं, मारामारी असेल तर ती कशासाठी. मूळ संवाद वहीत उतरवू नका. समोर असले की लेखकाचा हात आपोआप भाषांतराकडे वळतो.

दुसरा रकाना, कोण कुणाला घाबरतो हा, सर्वांत मोलाचा. नायक भावी सासऱ्याला घाबरतो, सासरा स्वतःच्या आईला, आई शेजारणीच्या तोंडाला. ही उतरंड उभी राहिली की विनोद तिच्यातून निघतो. तमिळमध्ये नेताना उतरंड टिकली पाहिजे, तिच्यातली माणसं बदलली तरी चालतील. मूळात हिशेबनीस असलेला माणूस तमिळमध्ये लग्न जुळवणारा होऊ शकतो. तो कुणापुढे वाकतो आणि कुणावर गुरगुरतो हे मात्र तसंच राहिलं पाहिजे.

पायरी ४: गाव नक्की करा

'ओक्कडु'मधला नायक हैदराबादचा आणि खलनायक कर्नूलचा. 'गिल्ली'त नायक चेन्नईचा झाला, खलनायक मदुरैचा. चारमिनारच्या आसऱ्याच्या जागी समुद्रकाठचं दीपगृह आलं. वास्तू बदलली, काम तेच राहिलं: शहराच्या डोक्यावरची एक जागा, जिथून सगळं दिसतं आणि जिथे नायिका लपू शकते. नायकाची कबड्डी मात्र बदलावी लागली नाही, तो खेळ तमिळ मातीतलाही आहेच. 'दबंग' (२०१०) 'ओस्ती' (२०११) झाला तेव्हा उत्तर प्रदेशातलं लालगंज जाऊन तिरुनेलवेली आलं, कारण त्या भागाची बोली कानाला लगेच ओळखू येते आणि पोलिसाच्या तोंडी तिला वेगळीच धार चढते.

आंध्रातल्या रायलसीमा भागातल्या घराण्यांच्या पिढीजात वैराला तमिळनाडूत नेमका जोड नाही. सोपा मार्ग म्हणजे सगळं उचलून मदुरैत टाकायचं आणि माणसांच्या हातात अरुवाळ, म्हणजे तिकडचा कोयता, द्यायचा. हे इतक्या वेळा झालं आहे की मदुरैचे लोक आता कंटाळले आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. वैराचं कारण त्या गावाच्या जगण्यातून शोधा. तिरुप्पूरला विणकाम आणि होजिअरीचे कारखाने आहेत, शिवकाशीला फटाके आणि छपाई, नामक्कलला ट्रक आणि कोंबड्या, तूत्तुकुडीला बंदर आणि मिठागरं. नामक्कलच्या दोन ट्रकमालकांचं भांडण रंगवलंत, तर मारामारीला वाहनंही मिळतात आणि विनोदाला ड्रायव्हर-क्लीनरची भाषाही.

जातीच्या बाबतीत अतिशय जपून. 'रेडी'ची गोष्ट 'उत्तम पुत्रन'मध्ये कोईमतूरकडच्या कोंगू भागात नेली गेली. प्रदर्शनानंतर कोंगू वेल्लाळ गौंडर समाजाकडून चित्रणावर आक्षेप आले आणि काही भाग कापण्याची वेळ आली. मूळ भाषेत जे आडनाव नुसतं ओळखीचं वाटतं, त्याच्या जागी नवं आडनाव ठेवलं की नव्या समाजाचा सगळा इतिहास त्या पात्राला चिकटतो. खलनायकाचं घराणं आणि ज्याची फजिती होते ते घराणं, दोन्हींची नावं त्या जिल्ह्यात वाढलेल्या किमान तीन वेगवेगळ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांतला एक जरी थबकला तरी नाव बदला.

पायरी ५: तमिळ लेखक पहिल्या दिवसापासून

मराठी, तेलुगू किंवा हिंदीत पूर्ण संवाद लिहायचे आणि शेवटी तमिळमध्ये उतरवून घ्यायचे, ही पद्धत मारधाडपटात एक वेळ निभावते. विनोदात ती घात करते. वही तयार झाली की तमिळ संवादलेखक शेजारी हवा, आणि तो निवडलेल्या भागातला असावा.

तमिळमध्ये 'नी' आणि 'नींगळ' (बोलताना 'नीन्गा') यांत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखाच फरक आहे. कोईमतूरकडच्या कोंगू बोलीत तर वाक्यावाक्याला आदरार्थी शेपूट लागतं. तिथला गुंड 'या, बसा, पाणी घ्या, मग तुमचा हात काढतो' याच चालीत धमकी देतो, आणि त्या अदबीमुळेच प्रेक्षक एकाच वेळी दचकतो आणि हसतो. तिरुनेलवेलीचं 'एले' (आपल्या 'अरे'सारखं) किंवा चेन्नईच्या झोपडपट्टीतली तुटक, भरभर बोली यांचा विनोद वेगळ्या लयीचा. आपल्याकडे कोल्हापूरचा 'काय भावा' पुण्याच्या सदाशिव पेठेत नेला की जे होतं, तेच तिथे होतं. म्हणून एका चित्रपटात दोन बोली समोरासमोर आणल्या तर मूळात नसलेले हशे फुकट मिळतात.

नातेवाचक शब्दही तोलून वापरा. 'मामा' हा तमिळमध्ये मामा आहे, सासरा आहे, काही घरांत नवरा आहे, आणि रस्त्यावरच्या बोलीत पोलीसही. असा शब्द चुकीच्या माणसासमोर निसटला तर अख्खा प्रसंग उभा राहतो.

पायरी ६: विनोदवीराची जागा

जुन्या तमिळ चित्रपटांत विनोदाचा ट्रॅक वेगळा असायचा, लेखकही वेगळा. गौंडमणी-सेंदिल जोडीचे कितीतरी गाजलेले प्रसंग ए. वीरप्पन यांनी लिहिले. तो ट्रॅक कात्रीने काढला तरी मुख्य गोष्टीला धक्का लागत नसे. आजच्या प्रेक्षकाला हे जोडकाम खटकतं. विनोदवीर गोष्टीत गुंतलेला हवा: त्याच्या चुकीमुळे नायक अडकला पाहिजे आणि त्याच्याच भित्रेपणामुळे सुटला पाहिजे.

नट ठरल्याशिवाय त्याचे प्रसंग पक्के लिहू नका. वडिवेलुचा विनोद मार खाण्यात आणि मार खाल्ल्यावर राखलेल्या ऐटीत असतो. विवेकचा शब्दांत आणि सामाजिक टोमण्यात होता. संतानम समोरच्याला उत्तराने गार करतो. योगी बाबू काही न करता नुसता उभा राहूनही हसवू शकतो. एकासाठी लिहिलेला प्रसंग दुसऱ्याला दिला तर दोघांचंही नुकसान. नट, संवादलेखक आणि दिग्दर्शक यांना चार-पाच दिवस एका खोलीत बसवा, वहीतली उतरंड समोर ठेवा आणि प्रसंग करून पाहा. जे चांगलं निघेल ते त्याच संध्याकाळी लिहून काढा.

पायरी ७: मारामाऱ्या

मूळ चित्रपटातल्या मारामाऱ्यांची संख्या मोजा आणि एक कमी करा. वाचलेले दिवस उरलेल्यांना द्या. फाइट मास्टरला 'इथे जबरदस्त फाइट' एवढंच सांगून भागत नाही. नायकाला इथे लढायचं नाहीये, का नाहीये, आणि कोणत्या क्षणी त्याचा नाइलाज होतो, हे सांगा. हातात दुधाची किटली आहे आणि थेंबही सांडायचा नाही, सासरा खिडकीतून बघतोय म्हणून हात जोडलेलेच ठेवायचे आहेत, अशी एखादी अट मारामारीला विनोदाशी बांधते. मूळ चित्रपटातली मारामारी जशीच्या तशी पुन्हा घेण्याचा मोह टाळा. ती यूट्यूबवर आहे आणि लोक दोन्ही शेजारी लावून पाहतात.

रिहर्सल मोबाइलवर चित्रित करा, कच्चं संकलन करून पाहा, मग सेटवर जा. नायकाच्या जोखमीच्या मारामाऱ्या शेवटच्या शेड्यूलला ठेवा, म्हणजे दुखापत झालीच तर बाकीचं काम अडकून पडत नाही. स्टंट कलाकारांचा विमा, सेटवर रुग्णवाहिका, तारा आणि हार्नेस रोज सकाळी तपासल्याची सही, यांतलं काहीही बजेट कमी करताना कापायचं नाही. तारेवर लटकणारा माणूस कुणाच्या तरी घरी संध्याकाळी परत जायचा असतो. गोष्टीत बैल, घोडा, कोंबडा असेल तर भारतीय पशू कल्याण मंडळाची परवानगी आधीच मागा. ती नसेल तर सेन्सॉरला अडकाल.

गाण्यांबद्दल फार लिहीत नाही. नवा संगीतकार घ्या, नवी गाणी करा. 'ओक्कडु'ला मणि शर्मा होते, 'गिल्ली'ला विद्यासागर, आणि 'अप्पडि पोडु' आजही लग्नाच्या वरातीत वाजतं.

पायरी ८: नाव, प्रमाणपत्र, प्रदर्शन

नाव तमिळच असावं. २००६ मध्ये तमिळनाडू सरकारने तमिळ नावाच्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला तेव्हा कितीतरी निर्मात्यांनी ठरलेली इंग्रजी नावं बदलली. जीएसटीनंतर करांचा हिशेब वेगळा झाला, पण कानाला लागलेली सवय टिकली आहे. 'वल्लवनुक्कु पुल्लुम आयुदम' ही एक म्हण आहे: जो समर्थ आहे त्याला गवताचं पातंही शस्त्र. असं नाव प्रेक्षकाच्या तोंडी आधीपासूनच असतं. नाव निर्मात्यांच्या संघटनेकडे लवकर नोंदवा; चांगल्या म्हणी फार दिवस मोकळ्या राहत नाहीत.

रिमेक हा नवा चित्रपट, त्याला सेन्सॉरचं नवं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या नियमांनुसार यूए वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. विनोदी मारधाडपटाला घरची सगळी मंडळी येणं हाच खरा धंदा, तेव्हा रक्त किती दाखवायचं हे पटकथेतच ठरवा, कापणीच्या टेबलावर नको.

वितरणाला तमिळनाडूचे पट्टे पडलेले आहेत: चेन्नई शहर, एनएससी (उत्तर आर्काट, दक्षिण आर्काट, चेंगलपट्टू), कोईमतूर, सेलम, मदुरै-रामनाथपुरम, तिरुची-तंजावूर, तिरुनेलवेली-कन्याकुमारी. गोष्ट ज्या पट्ट्यात घडते तिथल्या वितरकाला सर्वांत आधी दाखवा. पोंगल आणि दिवाळीला मोठे नट रांगेत असतात. मध्यम चित्रपटाने त्यांच्या पायात येऊ नये.

मराठी चित्रपट तमिळला देताना

निशिकांत कामत यांनी आपला 'डोंबिवली फास्ट' (२००५) स्वतःच तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' (२००७) म्हणून केला, आर. माधवनला घेऊन. तो विनोदी नाही, पण शिकण्यासारखं बरंच आहे. नावातलं डोंबिवली गेलं, तिथली लोकल गेली, आणि नवं नाव झालं 'कुणीतरी एक'. चाकोरीला वैतागलेला मध्यमवर्गीय माणूस तेवढा राहिला.

तुमच्याकडे मारधाडीचा विनोदी चित्रपट असेल, तर तमिळ निर्मात्याला सबटायटल घातलेली प्रत पाठवून थांबू नका. सोबत वर सांगितलेली वही इंग्रजीत किंवा तमिळमध्ये करून द्या, त्यात लक्ष्मीपूजनापासून गावकीच्या भांडणापर्यंत आपल्याकडचं जे जे गृहीत आहे ते उलगडून सांगा. आणि हक्क भाषेगणिक वेगळे विका. 'दक्षिणेतल्या सर्व भाषा' असा एकच शब्दप्रयोग करारात आला, तर तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम एकाच रकमेत हातातून जातात.

शेवटची पायरी: हशासाठी जागा

संकलन संपत आलं की साउंड मिक्स पक्कं करण्याआधी चित्रपट सेलम किंवा मदुरैच्या एखाद्या एकपडदा चित्रपटगृहात, दोनशे अनोळखी माणसांसमोर लावा. तुम्ही पडद्याकडे पाहू नका. भिंतीला टेकून प्रेक्षकांकडे पाहा आणि हातातल्या घड्याळावर प्रत्येक हशाची लांबी मोजा. जिथे हशात पुढचं वाक्य बुडतं तिथे एक-दोन सेकंदांची प्रतिक्रिया वाढवा. जिथे तुम्ही जागा सोडली होती आणि शांतता राहिली, तिथे ती जागा काढून टाका. मूळ चित्रपटात त्याच ठिकाणी किती हशा होता, हे त्या रात्री आठवायचं नाही.